पाणी दिलेली पिन तुटली, साधी पिन वाकली : पोलादाची ताकद, चिवटपणा आणि तापमान

प्रश्न थोडक्यात असा. चिक्कोडी भागातल्या एका वर्कशॉपने ऊस ओढणाऱ्या जोडट्रॉलीसाठी ३५ मिमी व्यासाच्या हिच पिना (गाडी आणि ट्रॉली जोडणाऱ्या पिना) ईएन ८ या साध्या कार्बन पोलादात केल्या. पहिली पिन लेथवरून उतरली तशीच लावली, ती पंधरा दिवसांत धनुष्यासारखी वाकली. दुसरी लाल करून पाण्यात बुडवली. कानस लागेना इतकी ती कडक झाली, पण तिसऱ्याच खेपेला, पहाटे गाडी हलवताना, डोक्यावर वेल्ड केलेल्या कडीच्या लगत काडकन तुटली. आता ईएन १९ किंवा ईएन २४ हे मिश्रधातूचं पोलाद घेतलं तर भागेल का, थंडीचा काही संबंध आहे का, आणि धातूत दुसरं काही मिसळलं की नेमकं होतं तरी काय, अशी विचारणा आहे.

उत्तर आधी सांगतो. ईएन १९ घ्या, ८६० अंशांवरून तेलात पाणी द्या (म्हणजे तापवून तेलात एकदम गार करा) आणि ५५० ते ५८० अंशांवर टेंपर करा (म्हणजे पुन्हा बेताचं तापवून ठिसूळपणा काढा). कडी वेल्ड करू नका. थंडीचा वाटा अगदी थोडा आहे. पण नुसता ग्रेड बदलून पुन्हा ‘लाल करून पाण्यात’ हीच पद्धत ठेवली, तर ईएन १९ ची पिन ईएन ८ पेक्षाही लवकर तुटेल. असं का, ते समजून घेतलं तर पुढे नांगराचा फाळ असो की शाफ्ट, प्रत्येक वेळी विचारावं लागणार नाही.

शब्दांपासून सुरुवात करू, कारण बहुतेक घोटाळा तिथेच होतो. ‘मजबूत’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गुणांना वापरतो. कानस लागत नाही तो कडकपणा. कायमचं न वाकता जेवढा भार पेलतो ती ताकद. तुटण्यापूर्वी जेवढा लांबतो किंवा वाकतो ती तन्यता. आणि झटका बसल्यावर जेवढा मार पोटात घेतो तो चिवटपणा. पहिल्या पिनेत ताकद कमी पडली, चिवटपणा भरपूर होता. दुसरीत कडकपणा टोकाला गेला आणि चिवटपणा जवळजवळ शून्यावर आला. हव्या त्या जागी दोन्ही पुरेसे मिळवणं म्हणजेच उष्णोपचार.

धातू वाकतो म्हणजे त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. पण अख्खा थर एकदम सरकत नाही. लग्नाच्या मांडवातलं मोठं जाजम दोन माणसांनी ओढलं तर हलत नाही, पण एका टोकाला वळकुटी उभी करून ती पुढे ढकलत नेली की जाजम वीतभर सरकतं. धातूतही अशा वळकुट्या असतात, त्यांना स्थानभ्रंश म्हणतात. त्या मोकळ्या फिरल्या तर धातू मऊ आणि तन्य. त्यांच्या वाटेत अडथळे आले तर धातू ताकदवान. आणि त्या पार अडकल्या तर धातू वाकूच शकत नाही. मग ताण कुठेतरी साचतो आणि भेग पडते. मिश्रधातू करणं, ठोकणं, पाणी देणं हे सगळे या अडथळ्यांचे प्रकार. तापवणं म्हणजे बहुतेक वेळा तेच अडथळे ढिले करणं.

कार्बनचं उदाहरण सरळ आहे. गरम लाटलेल्या साध्या पोलादात कार्बन ०.२ टक्के असेल तर तुटण्याची ताकद किमान ३८० मेगापास्कलच्या आसपास आणि लांबण २५ टक्के धरतात. ०.४ टक्के केला की ५२० आणि १८ टक्के. ०.८ टक्क्यांना ७७० आणि १० टक्के. (१ मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिमीला साधारण १०० ग्रॅम भार; ५२० म्हणजे सुमारे ५३ किलो.) एक वाढलं की दुसरं घटतं, हा व्यवहार प्रत्येक आकड्यात दिसतो. ईएन ८ म्हणजे ०.३६ ते ०.४४ टक्के कार्बन आणि ०.६ ते १.० टक्का मँगेनीज. बाकी विशेष काही नाही.

इथे तांब्याची गोष्ट आठवावी. कासार गल्लीत तांब्याचं भांडं ठोकून ताठर झालं की ते लाल करून पाण्यात टाकतात आणि ते मऊ होतं. लोहार पोलाद लाल करून पाण्यात टाकतो आणि ते कडक होतं. कृती तीच, निकाल उलटा. म्हणजे कडकपणा पाण्यामुळे येत नाही. पोलाद ७२७ अंशांच्या वर तापलं की लोखंडाची अणुरचना बदलायला लागते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर पडून आपापल्या जागी थरांत बसतो. एकदम गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, जाळी ताणली जाते, आणि त्यातून मार्टेन्साइट नावाची अतिशय कडक रचना तयार होते. ०.४ टक्के कार्बनला हा कडकपणा ५५ ते ५८ रॉकवेलपर्यंत (रॉकवेल हे कडकपणाचं माप) जातो. तांब्यात असा रचनाबदल होतच नाही. तिथे उष्णता फक्त ठोकल्याने साचलेले अडथळे पुसते, पाणी केवळ गार करतं.

दुसऱ्या पिनेत हेच मार्टेन्साइट टेंपर न करता तसंच राहिलं. असं पोलाद काचेच्या जवळचं असतं. थंडी असो वा ऊन, झटका बसला की तुटणारच.

आता तुटलेला तुकडा हातात घ्या आणि उन्हात तिरका धरून बघा. कडीच्या वेल्डलगत एक छोटा काळपट किंवा तपकिरी अर्धगोल दिसला, तर ती जुनी भेग. पाण्यात टाकताना किंवा वेल्ड गार होताना पडलेली, आत तेल-गंज शिरलेली. बाकीचा भाग खडीसाखर फोडल्यासारखा चकचकीत दाणेदार दिसेल. ते एकदम तुटलेलं क्षेत्र. दाणे डोळ्यांना सुटे मोजता येतील इतके मोठे असतील, तर पिन पिवळ्या रंगापर्यंत, म्हणजे हजार अंशांच्या वर तापवली होती. चिवट तुटणीत कड ओढल्यासारखी, पृष्ठभाग राखाडी, मळकट आणि तंतुमय असतो. शिंपल्यासारख्या एकामागून एक रेघा असतील तर ते थकून तुटणं. त्याचा इलाज वेगळा. तुटका भाग पुसून फेकू नये, सगळी माहिती तिथेच लिहिलेली असते.

वेल्डबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पिन उचलायला सोपी जावी म्हणून डोक्यावर सळीची कडी टाके मारून लावायची पद्धत आपल्या भागात सर्रास आहे. ०.४ टक्के कार्बनच्या ३५ मिमी जाड गजावर छोटा टाका मारला की मागचा थंड गजच उष्णता इतक्या वेगाने शोषतो की टाक्याखालची पट्टी आपोआप पाणी दिल्यासारखी कडक होते. ईएन १९ मध्ये तर हे हमखास होतं. करायचंच असेल तर गज आधी २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून, कोरड्या लो हायड्रोजन रॉडने वेल्ड करून, वाळूत किंवा राखेत सावकाश गार करावं लागतं. पण हे टाळता येतं. डोक्यात १० मिमीचं छिद्र पाडा आणि साखळीची कडी ओवा. काम तेच होतं.

आता पहिली पिन का वाकली ते बघू, कारण त्यात नुसता धातू दोषी नाही. ३५ मिमी पिनेचा छेद ९६२ चौरस मिमी. क्लेव्हिसमध्ये, म्हणजे दोन जबड्यांच्या जोडात, पिन दोन ठिकाणी कातरली जाते, म्हणजे १,९२४ चौरस मिमी. लाटलेल्या ईएन ८ ची शरणताकद, म्हणजे कायमचं वाकायला सुरुवात होते तो ताण, साधारण २८० मेगापास्कल आणि कातर त्याच्या सहा-दशांश धरली, तरी पिन ३२ टनांपर्यंत कातरणार नाही. तरीही ती वाकली, कारण जबड्यांमध्ये मोकळी जागा होती. जबड्यांत ६० मिमीचं अंतर आणि मध्ये पातळ जीभ असेल, तर पिन तुळईसारखी वाकते. खड्ड्यातून निघताना १० टनांचा झटका बसला असं धरू. १०० किलोन्यूटन गुणिले ६० मिमी भागिले ४, म्हणजे १,५०० न्यूटन-मीटर. ३५ मिमी गोल गजाचा छेदगुणांक सुमारे ४,२०० घन मिमी. ताण येतो ३५६ मेगापास्कल. २८० च्या वर, म्हणून वाकली. हेच अंतर दोन्ही बाजूंना वॉशर-बुश घालून ४० मिमीवर आणलं, तर ताण २३८ वर येतो आणि तीच साधी पिन टिकते. म्हणून आधी जबड्यातली ढिलाई काढा, मग ग्रेडचा विचार करा. झटकाही ढिलाईनेच वाढतो. जीभ मोकळी असेल तर ट्रॉली आधी वेग घेते आणि मग पिनेवर आदळते.

मग ईएन १९ कशासाठी? त्यात कार्बन ईएन ८ इतकाच आहे, ०.३६ ते ०.४४. वर ०.९ ते १.२ टक्के क्रोमियम आणि ०.२५ ते ०.३५ टक्के मॉलिब्डेनम. कार्बन तेवढाच असल्याने पाणी दिल्यावरचा सर्वोच्च कडकपणाही जवळजवळ तेवढाच. पुष्कळांना हे पटत नाही. त्यांना वाटतं की क्रोम-मॉली म्हणजे जास्त कडक. क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मुख्य काम वेगळं आहे. कार्बनला बाहेर पडायला ते उशीर लावतात, त्यामुळे सावकाश गार केलं तरी मार्टेन्साइट तयार होतं. ईएन ८ ला ३५ मिमी जाडीत पाणीच लागतं, आणि तरीही फक्त वरचा थर कडक होऊन गाभा तसाच राहतो. आणि पाण्यात एकदम गार होण्यातूनच पाणी देतानाच्या भेगा येतात. ईएन १९ तेलात, सौम्यपणे, गाभ्यापर्यंत कडक होतं. ६० मिमीपर्यंतच्या गजाला ते चालतं. ईएन २४ मध्ये वर १.३ ते १.७ टक्के निकेल असतं, ते १०० मिमीपर्यंत सहज जातं. ३५ मिमीच्या पिनेला ईएन २४ म्हणजे विनाकारण खर्च.

मिश्रधातूंची दुसरी मोठी देणगी टेंपरिंगमध्ये दिसते. मॉलिब्डेनम असलेलं पोलाद टेंपर करताना सहज मऊ पडत नाही. त्यामुळे तीच ताकद ठेवून जास्त तापमानाला टेंपर करता येतं, आणि टेंपर जितकं वर तितका चिवटपणा जास्त. माझ्या मते मिश्रधातूचा पैसा आपण कडकपणासाठी देत नाही, कडकपणा तर कार्बन फुकट देतो. पैसा द्यायचा तो ताकद टिकवून तन्यता परत मिळवण्यासाठी.

ईएन १९ च्या जवळच्या अमेरिकन ४१४० पोलादाचे, २५ मिमी गज तेलात गार करून मिळणारे, साधारण आकडे असे. २०५ अंशांवर टेंपर केलं तर ताकद १,७७० मेगापास्कल आणि लांबण ८ टक्के. ४२५ अंशांवर १,२५० आणि १३ टक्के. ५४० वर ९५० आणि १८ टक्के. ६५० वर ७६० आणि २२ टक्के. एकच गज, एकच भट्टी, फक्त टेंपरचं तापमान वेगळं. हिच पिनेला ९०० ते १,००० मेगापास्कल पुरे. शरणताकद तेव्हा ७५० च्या वर असते, म्हणजे वरच्या हिशोबातल्या ३५६ च्या दुपटीहून जास्त.

या आकड्यांत एक खोच लपलेली आहे. लांबण सारखी वाढताना दिसते, पण झटका पेलण्याची शक्ती तशी सरळ वाढत नाही. २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान टेंपर केलेलं पोलाद ओढून तपासलं तर बरं दिसतं, झटक्याच्या चाचणीत मात्र खाली घसरतं. त्या तापमानाला मार्टेन्साइटमध्ये कार्बाइडचे पातळ पापुद्रे दाण्यांच्या कडांवर बसतात आणि भेगेला वाट करून देतात. म्हणून ‘निळ्या रंगावर टेंपर’ हा नियम छिन्नी-स्प्रिंगच्या ठरावीक पोलादांपुरता ठीक, पण हिच पिन, शाफ्ट, नांगराचा बोल्ट अशा झटका खाणाऱ्या ईएन १९ च्या जॉबला नको. एक तर २०० च्या खाली राहा, नाहीतर थेट ५०० च्या वर जा.

आता प्रत्यक्ष काम. गज ४० मिमीचा घ्या, टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) गजावरच्या शिक्क्याशी जुळवून घ्या. मोठ्या व्यासाचा घ्यायचं कारण असं की लाटलेल्या गजाच्या सालीतला कार्बन जळालेला असतो. ती साल पाणी दिल्यावर कडक होत नाही. खरडताना पिनेवर एक-दीड मिमी जास्तीचा ठेवा. डोकं आणि दांडा जिथे मिळतात तिथे धारदार कोपरा नको, ३ ते ४ मिमीची त्रिज्या द्या. स्प्लिट पिनच्या छिद्राच्या दोन्ही कडा मारा आणि भट्टीत घालण्यापूर्वी छिद्र अग्निमातीने बंद करा. पाणी देताना भेग पडते ती शंभरात नव्वद वेळा कोपरा, छिद्र किंवा चावीची खाच यांपाशीच.

भट्टीत आधी ५५० अंशांच्या आसपास एकसारखं तापू द्या, मग ८५० ते ८७० वर न्या. पिन भट्टीच्या रंगाशी एकरूप झाल्यावर पाऊण तास ते तास धरा. पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) नसेल तर चुंबक वापरा. पोलाद ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं सोडतं. तिथून आणखी थोडं, चेरी लाल फिकट व्हायला लागेपर्यंत. पण रंग नेहमी सावलीत बघावा. मार्चच्या दुपारी दारात उभं राहून रंग पाहणारा लोहार सहज शंभर अंश जास्त तापवतो, कारण उन्हात लाल रंग फिका दिसतो. तिथून दाणे मोठे व्हायला लागतात. दाणे मोठे झाल्याची शंका असेल तर पिन ८७० पर्यंत तापवून स्थिर हवेत गार करा आणि मग पुन्हा पाणी द्यायला घ्या. हे नॉर्मलायझिंग दाणे बारीक करतं. आणि बारीक दाणा ही एकच गोष्ट अशी आहे जी ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढवते. बाकी प्रत्येक उपायात एक देऊन दुसरं घ्यावं लागतं. ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये दाणा आणि ताकद यांचा संबंध मांडला. आजच्या उच्च ताकदीच्या पत्र्यांत टाकलेलं चिमूटभर नायोबियम आणि व्हॅनेडियमही मुख्यतः दाणे वाढू न देण्यासाठीच असतं.

तेल ५० ते ६० अंश कोमट ठेवा. गार तेल घट्ट असतं, ते उष्णता हळू ओढतं. लोकांचा समज उलटा असतो. एक किलो पोलादाला ८ ते १० लिटर तेल धरा. पिन पावणेदोन किलोच्या आसपास, तेव्हा २०० लिटरच्या पिंपात एका वेळी दहा-बारा पिनांपेक्षा जास्त नकोत. जळकं इंजिन ऑइल वापरू नका. त्यात पाण्याचा अंश असतो, आग भडकते आणि गार होणंही एकसारखं नसतं. पिन उभी बुडवा आणि वर-खाली हलवत राहा. आडवी टाकलेली पिन केळ्यासारखी वाकडी येते.

पिन हाताला सोसेल अशी कोमट, ६० ते ८० अंश, राहिली की बाहेर काढा. कानस फिरवून बघा. घसरली पाहिजे. आणि तासाभरात टेंपरच्या भट्टीत घाला. ‘उद्या सकाळी एकदम टेंपर करू’ म्हणून रात्रभर ठेवलेल्या जॉबला पहाटे आपोआप भेग गेलेली दिसते. आत अडकलेला ताण रात्रभर काम करत असतो. टेंपर ५५० ते ५८० अंशांवर दोन तास. या तापमानाला पृष्ठभागावरचे पिवळे-निळे रंग संपलेले असतात, त्यामुळे रंगावर विसंबू नका. अंधाऱ्या कोपऱ्यात नुसती लालीची चाहूल लागते तेवढंच. टेंप्रेचर चॉक किंवा साधा थर्मोकपल घ्या. कडकपणा २८ ते ३२ रॉकवेल, म्हणजे दुसऱ्या मापाने २७० ते ३०० ब्रिनेल, आला पाहिजे. जास्त आला तर वीस अंशांनी वाढवून पुन्हा टेंपर करा. कमी आला तर टेंपरने वाढणार नाही, पाण्यापासून परत.

टेंपर झाल्यावर पिना भट्टीतच ठेवून रात्रभर गार होऊ देणं ही आणखी एक चूक. ५७५ ते ३७५ अंशांच्या पट्ट्यातून सावकाश उतरताना फॉस्फरस, कथील, अँटिमनी असे मळ दाण्यांच्या कडांवर जमतात आणि पिन ठिसूळ होते. कडकपणा मात्र अगदी बरोबर दाखवते. मॉलिब्डेनम याला बराच आवर घालतं, तरीही पिन बाहेर काढून तेलात किंवा मोकळ्या हवेत लवकर गार करावी. चुकून झालंच तर ६०० च्या वर नेऊन लवकर गार केलं की दोष निघतो, मात्र त्यात कडकपणा थोडा उतरतो.

वाकलेली पिन सरळ करायची असेल तर निळसर होईपर्यंत तापवून ठोकू नका. साध्या पोलादात २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान नायट्रोजन आणि कार्बनचे अणू वळकुट्यांना धरून बसतात. त्या तापमानाला ताकद चढते आणि तन्यता उतरते. ‘थोडं गरम आहे, म्हणजे मऊ असेल’ हा अंदाज नेमका इथेच फसतो. एक तर थंड असताना प्रेसवर हळू दाबा, नाहीतर पूर्ण लाल करा. पूर्ण लाल केल्यावर आधीचा उष्णोपचार गेला असं समजून सगळं पुन्हा करा. हीच चूक बांधकामावर टीएमटी सळईत होते. सळईचं बाहेरचं कवच पाण्याने कडक करून आतल्या उष्णतेने टेंपर केलेलं असतं. गॅसने लाल करून वाकवली की कवच नॉर्मल होतं आणि एफई ५०० ची ५०० मेगापास्कल ताकद राहत नाही.

थंडीचं म्हणाल तर बेळगाव-खानापूरच्या हिवाळी पहाटे पारा १२–१४ अंशांच्या आसपास उतरतो. लोखंडाच्या जातीची रचना थंडीत एका तापमानाखाली चिवटपणा सोडते, पण चांगल्या टेंपर केलेल्या ईएन १९ मध्ये तो टप्पा शून्याच्या खाली असतो. मोठ्या दाण्याच्या, नुसत्या लाटलेल्या ईएन ८ मध्ये मात्र तो नेहमीच्या हवामानाच्या जवळ येऊन बसतो. अशी पिन दुपारी वाकेल आणि पहाटे तुटेल असा थोडा फरक पडू शकतो. पत्रा आणि चॅनेल घेताना भारतीय मानक २०६२ मध्ये ई २५० च्या पुढचं अक्षर यासाठीच असतं. बी० म्हणजे शून्य अंशाला, सी म्हणजे उणे २० ला २७ जूल झटका पेलल्याची चाचणी. ट्रॉलीच्या चासीला अशी चाचणी नसलेला ए पुरतो. ॲल्युमिनियम, तांबं आणि ३०४ सारखं स्टेनलेस यांची अणुरचना वेगळी. ती थंडीत ठिसूळ होत नाहीत.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीवाल्यांना हाच व्यवहार ग्रेडच्या नावातच लिहिलेला सापडतो. एसजी (ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं ओतीव लोखंड) ४००/१५, ५००/७, ६००/३. पहिला आकडा ताकद, दुसरा लांबणीचा टक्का. एक चढतो, दुसरा पडतो. ४००/१५ ला फेराइट, म्हणजे लोखंडाची मऊ रचना, हवा, म्हणून मँगेनीज ०.२ टक्क्यांच्या खाली आणि तांबं-कथील जवळजवळ नको. ६००/३ ला मुद्दाम अर्धा ते पाऊण टक्का तांबं टाकून पर्लाइट, म्हणजे थरांची कडक रचना, आणतात. ५००/७ चा जॉब ताकदीत पास आणि लांबणीत ३ टक्क्यांवर नापास होतो, तेव्हा तीन ठिकाणी बघा. भंगारात उच्च ताकदीचा पत्रा येऊन मँगेनीज चढलं का. मॅग्नेशियम उपचारानंतर ओतायला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा उशीर होऊन गोळ्यांचा आकार बिघडला का. आणि वाळूचे साचे घाईने फोडले का. जॉब अजून लाल असताना बाहेर काढला की हवेत तो नॉर्मलाइझ होतो आणि पर्लाइट वाढतो. हे तिसरं कारण रसायनाच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. झालेला जॉब वाचवायचा तर ९०० अंशांवर दोन तास धरून, ७६० ते ६५० या पट्ट्यात ताशी वीस-तीस अंशांनी उतरवा. सिलिकॉन वाढवून फेराइट मिळवायचा मोह होतो, पण सिलिकॉन ठिसूळ होण्याचं तापमान वर ढकलतो, हे लक्षात ठेवा.

पितळ हा या व्यवहाराला मोठा अपवाद. तांब्यात ३० टक्क्यांपर्यंत जस्त घातलं तर ताकद आणि तन्यता दोन्ही वाढतात. म्हणून खोल ओढायची भांडी ७०/३० ची. ४० टक्क्यांच्या आसपास दुसरी कडक जात तयार होते. तो माल थंड असताना ओढला तर फाटतो, लाल असताना मात्र लोण्यासारखा वळतो.

ॲल्युमिनियममध्ये कडकपणा साठवला जातो तो वेगळ्या वाटेने, ५३० अंशांवरून पाण्यात गार करून आणि नंतर १६०–१७५ अंशांवर तासन् तास ठेवून. ६०६१ हा मिश्रधातू मऊ अवस्थेत ५५ मेगापास्कलला वाकायला लागतो, टी६, म्हणजे हाच उपचार, केल्यावर सुमारे २७५ ला. पण मूळ उपचारच १७० अंशांचा असल्याने त्याच्या वर फार वेळ राहिला की कमावलेलं सगळं जातं. वेल्ड केलेल्या टी६ फ्रेमची टाक्यालगतची ताकद ३१० वरून १६५ च्या आसपास उतरते. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एरोस्पेस कारखान्यांसाठी भाग करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पण ट्रकच्या बॉडीला ॲल्युमिनियम वापरणाऱ्यांनीही जोड कमी ताणाच्या जागी ठेवावा.

साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये वेळही हिशोबात येतो. ४०० अंशांच्या वर साधं पोलाद स्थिर भाराखालीसुद्धा सावकाश ताणत जातं, आणि वर्षानुवर्षांत त्यातला कार्बाइड ग्रॅफाइट होतो. म्हणून वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या ५०० अंशांवरच्या कॉइलला क्रोम-मॉलीच्या टी ११ किंवा टी २२ नळ्या असतात. हंगाम थांबू नये म्हणून साध्या कार्बन पोलादाचा तुकडा जोडला तर तो दिवसभर उत्तम चालतो, हायड्रोलिक चाचणीतही पास होतो, आणि पुढे कधीतरी फुगून फुटतो. तिथे तडजोड मुळीच करू नये, शेजारी माणसं काम करत असतात.

पिनेला गंज नको म्हणून जस्ताचं प्लेटिंग करणार असाल तर एवढं बघा. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलाद हायड्रोजन शोषतं. ३२ रॉकवेलपर्यंतच्या पिनेला त्याचा फारसा त्रास नाही. ४० च्या आसपास किंवा वर गेलेले बोल्ट आणि स्प्रिंगा मात्र भार दिल्यावर दोन-तीन दिवसांनी, कोणी हात न लावता तुटतात. असा माल प्लेटिंगनंतर लगेच, काही तासांच्या आत, १९० ते २२० अंशांवर किमान चार तास भाजून घ्यावा. हिच पिनेला याच्यापेक्षा ग्रीसचा हात सरस. आठवड्याला एकदा पिन उपसून पुसा, डोक्याखालच्या त्रिज्येपाशी नखाने चाचपून बघा, आणि केसाएवढी रेघ जरी लागली तरी ती पिन पुन्हा लावू नका.